रानकांद्याची राखण

मेझीला कुणी विचारलं, "चित्र काढायला कुठे शिकलीस?" तर ती आपल्या खांद्यावर चापट मारून म्हणायची, "इथे." वस्तीच्या आर्ट सेंटरमध्ये चित्रं बघायला आलेले गोरे पाहुणे हसून माना डोलवायचे आणि सगळं त्यांच्या डोक्यावरून जायचं. पण ती थट्टा करत नव्हती. लहानपणी तिच्या आत्याने तिला वाळूत मांडी घालून बसवलं होतं, खांद्यांना आणि छातीला घोरपडीची चरबी चोळली होती आणि गेरूत बोट बुडवून, गात गात, रेषा ओढल्या होत्या. शिकणारीने फक्त हलायचं नाही. हललं की चिमटा. गेरू वाळला की कातडी ताणते, खाज सुटते, आणि खाजवायची तर परवानगी नसते. कुठली रेषा कुठून निघाली आणि कुठे गेली, हे मेझीला त्या खाजेवरून पाठ झालं. पुढे तिच्या चित्रांना दूरदूरच्या शहरांत भिंती मिळाल्या, पण कॅनव्हासवर ब्रश फिरवताना तिचा डावा खांदा शेवटपर्यंत हलायचा.

चित्रं असायची रानकांद्याची. जिलपारीच्या ओढ्याकाठी बारीक गवताच्या मुळाशी हे कांदे लागतात, हरभऱ्याएवढे. गरम राखेत परतायचे, तळहातावर चोळायचे, फुंकर मारून साल उडवायची आणि तोंडात टाकायचे. फार पूर्वी, जमीन अजून मऊ होती तेव्हा, काही बाया हे कांदे खणत त्या ओढ्याने चालत गेल्या. जिथे जिथे त्या बसल्या तिथे तिथे वाळूत पाण्याचे झिरे झाले. त्यांनी वाटेत आणखी काय काय केलं, ते बायकांनी बायकांत सांगायचं. इथे सांगण्यासारखं एवढंच, की चित्रातलं वर्तुळ म्हणजे झिरा, वाकडी कमान म्हणजे बसलेली बाई, आणि ठिपके म्हणजे कांदे आणि त्यांची उडालेली सालं.

हे रान मेझीच्या बापाचं. म्हणून ते तिचं, तिच्या भावाचं आणि भावाच्या लेकरांचं. आमच्याकडे रान बापाकडून येतं, त्यामुळे चित्र आत्याकडून भाचीला जातं. पोटच्या मुलीला आईचं रान मिळत नाही, पण ती रिकाम्या हातानेही राहत नाही. ती त्या रानाची राखणदार होते. रान जिचं त्या धनिणीने काढायचं, गायचं, आणि राखणदाराने शेजारी बसून पाहायचं, काही चुकलं का, काही राहिलं का. एखादी गोष्ट कधी बंद ठेवायची आणि कधी उघडायची, तेही तिनेच सांगायचं. राखणदार 'हं' म्हणत नाही तोवर चित्र पुरं झालं असं कुणी म्हणत नाही. जिला आपण नाक पुसून मोठी केली, तिच्या तोंडाकडे बघत बसायची पाळी आईवर येते. मेझीची राखणदार होती तिची मुलगी नोएलीन, आणि ही बाई 'हं' म्हणायला महाकंजूष.

मेझीचं वय कुणालाच नक्की माहीत नव्हतं. सरकारने तिला एक जुलै हा वाढदिवस देऊन टाकला होता, आणि वस्तीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांना तोच. त्या दिवशी शाळेत एकच मोठा केक यायचा. तिची नणंद आयरीन म्हणायची, "आम्ही सगळ्या जुळ्या." जिलपारीतून निघून मेझी विरिन्याच्या वस्तीत आली ती बापाच्या खांद्यावर बसून, पीठ, चहा आणि साखर मिळते म्हणून. तिथे ती मोठी झाली, लाँड्रीत गोऱ्यांच्या चादरी धुतल्या, लग्न केलं, पाच लेकरं वाढवली. रंग आणि कॅनव्हास आले तेव्हा आधी पुरुष पुढे झाले. मेझी आणि आयरीन दोन दिवस लांबून बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी मेझी उठली, एका दिराच्या शेजारचा डबा उचलला आणि म्हणाली, "तुम्हाला दाढी आहे म्हणून रंग जास्त चिकटतो का?" त्यानंतर तिला कुणी अडवलं नाही.

भाऊ तिच्यापेक्षा धाकटा. तो आता नाही, म्हणून त्याचं नाव घ्यायचं नाही. मेझी काढत असली की तो झाडाच्या सावलीत पाय पसरून बसायचा, कुत्र्याच्या कानातल्या गोचिड्या काढायचा आणि बापाने शिकवलेलं गायचा. बहीणभावांचं पटायचं असं, की त्यांना फार बोलावं लागत नसे. तो गेला तेव्हा मेझीने केस कापले, अंगाला पांढरी माती फासली, आणि नोएलीनने सगळ्यांसमोर सांगितलं, "रानकांदा बंद."

बंद म्हणजे बंद. आर्ट सेंटरमधली चित्रं चादरीत गुंडाळून मागच्या खोलीत गेली. ते गाणं कुणी गुणगुणायचं नाही. मेझी कॅनव्हासवर नुसते आभाळाचे रंग भरू लागली. विकतही घ्यायचे लोक, पण ती स्वतः रंग वाळायच्या आधीच कॅनव्हासकडे पाठ फिरवून बसायची.

अशी गोष्ट बंद राहते दोन थंड्या, फार तर तीन. मग दुःख निवतं आणि राखणदार उघडते. इथे चौथी थंडी आली तरी नोएलीन गप्प. आणि याला कारण काय, ते सगळ्या वस्तीला माहीत होतं. निदान सगळ्यांना तसं वाटत होतं.

कारण होती रोशेल, भावाची एकुलती एक मुलगी. आई शहरातली, त्यामुळे पोरगी शहरातच वाढली, तिथल्याच एका वृद्धाश्रमात कामाला लागली. बाप गेल्यावर ती आली, रडली, परत गेली. आणि मग एका रविवारी, एकटीच खोलीत बसून, तिने बापाचा रानकांदा काढला. बंद असताना. राखणदार शेजारी नसताना. वर तो वृद्धाश्रमाच्या जेवणाच्या खोलीत टांगला. तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. बापाची आठवण आली की बाप जे काढू देत असे तेच तिच्या हातातून आलं. पण बातमीला बसची वाट बघावी लागत नाही. रोशेल चूक कळून चित्र उतरवेपर्यंत विरिन्यातल्या कुत्र्यांनाही ती कळली होती.

त्याच सुमारास मेझीचे पाय सुजू लागले. दवाखान्यातली नर्स बरी होती, घाई न करणारी. तिने सांगितलं की किडन्या थकल्या आहेत, शहरात जाऊन मशीनवर रक्त धुऊन घ्यावं लागेल, आठवड्यातून तीनदा, कायमचं. नोएलीन मध्ये बसून एकीचं दुसरीला सांगत होती. मेझीने सगळं ऐकलं. मशीन तिने पाहिलं होतं. तिचा नवरा त्या मशीनसाठी शहरात गेला, नदीच्या कोरड्या पात्राकडे तोंड करून दोन वर्षं बसला आणि पेटीतून घरी आला.

"तिला सांग," मेझी म्हणाली, "माझ्या भाचीच्या अंगावर एकदा रानकांदा काढते. मग मी मोकळी. मशीन नको. मी माझ्या झाडाखाली मरेन."

नोएलीनने ते सांगितलं. तसंच्या तसं सांगितलं, कारण राखणदाराला मधले शब्द गाळायची सवय नसते. नर्सने मान खाली घातली आणि थोडा वेळ मेझीचा हात धरून बसली.

त्या चौथ्या थंडीत रोशेल आली. कामावरून रजा काढून, सोबत ब्लँकेटांचा गठ्ठा, पिठाची पोती आणि चहा घेऊन. चुकीची भरपाई अशीच द्यायची असते, आणि हे तिला तिथे शहरात कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच विचारून घेतलं होतं. नोएलीनच्या दारासमोर गठ्ठा ठेवून ती जमिनीकडे बघत उभी राहिली. पंचविशीची धडधाकट पोरगी, पण कान लाल झाले होते.

"मला माहीत होतं बंद आहे ते," ती म्हणाली. "तरी काढलं."

"बापाच्या आठवणीने काढलंस," नोएलीन म्हणाली.

"हो."

"ओढ्याचं वळण उलटं काढलं होतंस म्हणे."

रोशेलने वर बघितलं. नोएलीनच्या तोंडावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. "शहरवाली," ती म्हणाली, "आत ये, चहा घे. उंच वाढलीस, अक्कल मागून येतेय वाटतं." आतेबहिणीने असं बोलायचंच असतं. रोशेलचा जीव भांड्यात पडला. ब्लँकेटं वाटली गेली, आयरीनने त्यातलं सगळ्यात जाड लगेच पांघरलं, सगळ्यांना वाटलं आता उघडेल. मेझीने तर गेरूचे दगड काढून धुऊन ठेवले.

पण नोएलीन म्हणाली, "अजून नाही."

मेझीचा श्वास एव्हाना दोन घरं चाललं की भरून यायचा. रोशेलची रजा संपत आली होती. मेझीच्या तोंडात एक धातूची चव सतत राहायची, चहासुद्धा कडू लागायचा. मेझीला मरणाची भीती नव्हती. भीती होती ती, हे सगळं आपल्या कातडीबरोबर मातीत जाण्याची. तिच्यानंतर त्या रेषा जाणणारं बोट दुसरं कुणाचं उरलं नव्हतं. भाऊ गेला, आत्या कधीच गेली. उरली ही पोरगी, आणि दारात उभी स्वतःची मुलगी, चौकटीला आडवा हात लावून.

म्हणून एके दिवशी ती नोएलीनला म्हणाली, "मला ओढ्यावर ने. कांदे खाऊ दे निदान. कांदे खायला तर तुझी बंदी नाही ना."

नोएलीनने तिला टोयोटात घातलं. दोघीच गेल्या. ओढा नेहमीसारखा कोरडा, पांढऱ्या बुंध्यांची झाडं दोन्ही काठांवर, वारा गार. मेझी सावली टाळून उन्हात बसली आणि लोखंडी सळईने खणू लागली. जरा खणलं की थांबायची. नोएलीन समोर बसून हाताने खणत होती.

"बारीक झालेत," मेझी म्हणाली.

"हं."

"हे 'हं' बरं निघतं तोंडातून." मेझीने सळई खाली ठेवली. "पोरीवर राग धरून बसलीयेस."

"नाही."

"तिने माफी मागितली. ब्लँकेटं आणली."

"ब्लँकेटं चांगली आहेत. आयरीन तर त्यातून बाहेरच येत नाही."

"मग अडलंय कुठे?"

"मी राखणदार आहे. मी सांगेन तेव्हा."

"तुला मी दूध पाजलंय," मेझी म्हणाली. "मला राखणदारी शिकवू नकोस. माझ्यात किती दिवस उरलेत ते तुला दिसत नाही? आंधळी झालीस?"

नोएलीनने खणणं थांबवलं. तिने वाळूतून हात काढला नाही.

"नर्सला काय म्हणालीस तू?" ती म्हणाली. "पोरीच्या अंगावर काढते, मग मी मोकळी. असंच म्हणालीस ना? ते इंग्रजीत कुणी सांगितलं? मी. माझ्या तोंडाने. तू बोलून मोकळी झालीस, मला ते शब्द एकेक करून उचलून तिच्यापुढे ठेवावे लागले."

मेझी हातातल्या कांद्याची माती झाडत राहिली.

"मला रोशेलचा राग नाही. तिने चित्र काढलं तेव्हा मी सुद्धा रडले, म्हटलं मामाची आठवण येणारं कुणी आहे. पण मी उघडलं की तू काढशील, आणि काढलंस की तू जाशील. बंद आहे तोवर तू आहेस." तिने नाक मनगटाने पुसलं आणि गालाला वाळू लागली. "लोक म्हणतात नोएलीन दगड आहे. म्हणू देत."

खरं तर मेझीने चिडायला हवं होतं. राखणदारी ही काही स्वतःच्या जिवासाठी वापरायची गोष्ट नव्हे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्या बाईला अख्ख्या वस्तीसमोर सोलून काढलं असतं. पण तिला आठवली चार वर्षांची नोएलीन, आई लाँड्रीत कामाला निघाली की तिच्या झग्याचं टोक धरून फरफटत येणारी. तेव्हा मेझी टोक सोडवून घ्यायची आणि निघून जायची. मेझीने काटक्या पेटवल्या, गरम राखेत कांदे परतले, तळहातावर चोळले, फुंकले, आणि पहिली मूठ मुलीपुढे केली. दोघींनी खाल्ले. परत येताना दवाखान्यापाशी आल्यावर मेझीने खिडकीतून त्या इमारतीकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

रोशेल निघायच्या आदल्या दिवशी सकाळी नोएलीन आईच्या ओसरीवर आली. तिच्या हातात धुतलेले गेरूचे दगड होते.

"चल," ती म्हणाली. "उघडलं."

"काय झालं?"

"काही नाही झालं. रात्रभर विचार केला. तो ओढा बघितलास ना, चार थंड्यांत कुणी गायलं नाही तिथे. कांदे बारीक झाले ते तूच म्हणालीस. मला माझी आई हवी म्हणून मी रान उपाशी ठेवलं, हे मामाला आवडलं नसतं." मग ती आत जाऊन ब्लँकेट घेऊन आली, आईच्या खांद्यांवर टाकलं आणि तिला उठायला हात दिला. मशीनचं ती काही बोलली नाही. मेझीही बोलली नाही.

ओढ्यावर बायकाच गेल्या. पुरुषांनी त्या दिशेला गाडी न्यायची नाही, असं नोएलीनने सकाळीच बजावलं होतं. रोशेल कमरेपर्यंत उघडी, थंडीने काटा आलेली, वाळूत मांडी घालून बसली. घोरपडीच्या चरबीऐवजी तान्ह्या बाळांना लावतात ते बाटलीतलं तेल होतं. आयरीन म्हणाली, "घोरपडीला शोधायला लागतं, याला दुकानात जायला लागतं. दोन्हीला पाय दुखतात." नोएलीनने दगड घासून गेरू कालवला, बोटाने चाखल्यासारखा तपासला आणि आईपुढे सरकवला.

मेझीने गायला सुरुवात केली. चार वर्षं न वापरलेला आवाज, आधी नुसता खरखरला. मग आयरीनने तो उचलून धरला, मग मागच्या दोघी-तिघींनी, आणि मग मेझीचा आवाज सापडला. तिचं गेरूचं बोट भाचीच्या कातडीला लागलं. रेष खांद्यावरून खाली आली. रोशेलला गुदगुल्या झाल्या आणि ती फिसकन हसली. मेझीने गाणं न थांबवता तिला चिमटा काढला.

"आत्या," रोशेल पुटपुटली, "खाज सुटलीय."

"सुटणारच. लक्षात ठेव कुठे सुटलीय ते."

झिऱ्यामागून झिरा येत गेला, ओढ्याच्या उगमाकडून खाली, प्रत्येकाचं नाव गाण्यात. पोरगी आता हसत नव्हती. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ नकळत हलत होते. मेझीला तिच्या कपाळात भाऊ दिसला, तसाच रुंद, आणि एक क्षण तिचा सूर चुकला. आयरीनने सावरून घेतलं. ऊन माथ्यावर आलं. मेझीने शेवटचं वर्तुळ डाव्या खांद्याच्या खाली पुरं केलं, बोट झग्याला पुसलं आणि ती मागे सरून बसली.

"झालं," ती म्हणाली.

आता पाळी नोएलीनची. ती उठली, समोरून बघितलं, दोन्ही बाजूंनी बघितलं. मग खाली वाकून पुन्हा बघितलं. बायका थांबल्या होत्या. नोएलीनचा चेहरा हळूहळू कोरा झाला.

"एक झिरा राहिलाय," ती म्हणाली.

आयरीनने मान वर केली. मेझीच्या चित्रात काही राहिलं असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं, म्हणायची वेळच आली नव्हती.

"राहिला?" मेझीने डोळे बारीक केले. "कुठला गं?"

"शेवटचा. तुला माहीत आहे कुठला. डोळे मिटूनही काढतेस तू तो."

"आठवत नाहीये."

"हिला आठवत नाही!" आयरीन म्हणाली. "हिला माझ्या लग्नात कांगारूची शेपटी कुणी कुणी चोरून खाल्ली तेसुद्धा आठवतं."

"म्हातारी झाले," मेझी म्हणाली. ती आयरीनकडे बघत नव्हती, मुलीकडेच बघत होती. "रक्त घाण झालं की डोकं चालत नाही. नर्सच म्हणाली होती, नाही का गं? तूच तर मला सांगितलंस. म्हणून म्हणते, शहरात जावं, त्या मशीनवर धुऊन घ्यावं, म्हणजे आठवेल. दर थंडीत ते मशीन घेऊन एक ट्रक येतो वस्त्यांवर, पुढच्या थंडीत त्याच्याबरोबर येईन आणि भरीन हा झिरा. तोवर पोरगी अशी अपुरी राहील."

नोएलीन उभीच राहिली. गेरूचं भांडं तिने दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं.

"अपुरं सोडू नये," मेझी म्हणाली, "मला ठाऊक आहे. पण राखणदार तू आहेस. तूच सांग, चालेल का?"

रोशेल एकीकडून दुसरीकडे बघत होती, अजून हलायची परवानगी नसलेली. नोएलीनने भांडं खाली ठेवलं. मग ती आईसमोर वाळूत बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"चालेल. पण पुढच्या थंडीत मी स्वतः बघणार."